चढ आला की बाबा उतरतात : मोटरसायकलवर भोजपूर, भीमबेटका, रायसेन आणि सांची

आणि पिशवी मी हरवलेली नाही. फोनवर सांगून झालं, व्हॉट्सअॅपवर सांगून झालं, आता इथे लिहितो म्हणजे दादाला हवं तेवढ्या वेळा वाचता येईल. म्हाताऱ्या माणसाला मोटरसायकलवर बसवून उन्हातान्हात हिंडवलं, हा जो दुसरा आरोप आहे, तो अर्धाच खरा आहे. बाबा जेवढे बसले तेवढेच चालले. कुठे आणि का चालले ते खाली येईलच.

ज्यांना आमच्या घरचं भांडण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमचं घर माथेरानला. तिथे गाड्या चालत नाहीत, दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे पाय, नाहीतर घोडा, नाहीतर आता आलेल्या ई-रिक्षा. आमचा घोडा आहे, त्याचं नाव टायगर. बाबा जन्मभर त्याची आणि त्याच्या आधीच्या टायगरची दोरी धरून लोकांना पॅनोरमा, एको, लुईझा हे पॉइंट आणि शार्लोट लेक दाखवत आलेत. दादा बाजारात चिक्कीच्या दुकानात असतो. मी आठवीत शाळा सोडली, काही वर्षं घोड्याबरोबर पळालो, मग भोपाळला आलो. इथे नेहरू नगरात खोली आहे आणि काम अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवायचं.

यंदा दिवाळीच्या सीझनसाठी दादाने दुसरा घोडा ठरवला आणि इसार देऊन टाकला. दोन घोड्यांना दोन माणसं लागतात. दुसरा माणूस मी, हे त्याने आपलं ठरवून टाकलं. मला विचारलं नाही. बाबांना कल्याणहून रात्रीच्या गाडीत बसवून दिलं आणि सांगितलं, त्याला घेऊनच या.

बाबा सकाळी भोपाळ स्टेशनवर उतरले. यातलं काहीही बोलले नाहीत. माझ्या मोटरसायकलभोवती एक चक्कर मारली, टायर दाबून बघितलं.

"दाणा किती लागतो याला?"

"लिटरला पन्नास जाते."

"बरी आहे," म्हणाले. "वय?"

गाडी सेकंडहॅन्ड आहे, त्यामुळे वय मलाही नक्की माहीत नाही. तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. घोडा विकणारे पण असंच सांगतात, म्हणाले.

पहिला रविवार : भोजपूर आणि भीमबेटका

दोन्ही ठिकाणं एकाच दिशेला आहेत, एका दिवसात आरामात होतात. सकाळी लवकर निघा. नाश्त्याला पोहे-जलेबी, दोघांचे मिळून साठ-सत्तर रुपये. पोह्यावर शेव घालतात आणि पोहे जरा गोड असतात, तक्रार करू नका. होशंगाबाद रोडने जायचं, अकरा मैल नावाच्या फाट्यावरून भोजपूरला आत वळायचं. रस्ता चांगला आहे. पाऊस संपून थोडेच दिवस झाले होते, दोन्हीकडे सोयाबीन पिवळं पडलं होतं.

भोजपूरला जायच्या आधीच मला कळलं की बाबांना गाडीवर घेऊन जाणं म्हणजे काय. पहिला बारीकसा चढ आला आणि खांद्यावर थाप पडली.

"थांब. उतरू दे."

"काय झालं?"

"चढ आहे ना."

माथेरानला चढ लागला की जड गिऱ्हाइकाला खाली उतरवतात, घोड्याचा दम राखतात. हे लहानपणापासून अंगात आहे. मी सांगितलं, बाबा, हे इंजिन आहे. ते म्हणाले, म्हणूनच सांगतो, बिचारं बोलत नाही. आणि चालायला लागले.

दुसरी सवय अशी की कुठेही थांबलो की ते गाडी सावलीत लावायला लावायचे, तोंड उन्हाकडे नको. मग मागे पिशवी बांधलेला रबरी पट्टा सैल करायचे. घोडा उभा केला की त्याचा तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, सैल करतात, त्याला श्वास घेता यावा म्हणून. गाडीच्या पट्ट्याखाली फक्त पिशवी होती. भोजपूरला मी ते पाहिलं आणि निघताना पुन्हा आवळला. हा मुद्दा लक्षात ठेवा, भांडण त्याच्यावरच आहे.

भोजपूरचं देऊळ राजा भोजाचं. आत एकसंध दगडाची पिंड आहे, एवढी मोठी की तिच्यापुढे माणूस उगीच हळू बोलायला लागतो. देऊळ अपुरं राहिलेलं आहे. मागच्या बाजूला दगड वर चढवायला केलेला मातीचा उतार अजून तसाच आहे, आणि जवळच्या खडकांवर कारागिरांनी नकाशे कोरून ठेवलेत. का अपुरं राहिलं यावर लोक बरंच काही सांगतात. बाबांनी उतार वरपासून खालपर्यंत बघितला.

"ठेकेदार पळाला असेल."

मी बांधकामाच्या धंद्यात आहे. मलाही तेच वाटलं होतं. दर्शनाला पैसे पडत नाहीत, चपला सांभाळायचे दहा.

पुढे ओबेदुल्लागंज, आणि तिथून थोडं पुढे उजवीकडे भीमबेटकाचा फाटा. रेल्वेलाइन ओलांडली की टेकडीवर चढणारा रस्ता आहे, काही किलोमीटरचा. बाबा खाली उतरले. मी म्हटलं, हा लांबचा चढ आहे. ते म्हणाले, मग तर उतरायलाच पाहिजे. तो सगळा रस्ता ते पुढे चालले आणि मी त्यांच्या मागे पहिल्या गिअरमध्ये. एक इंदूरची गाडी थांबली. काच खाली करून आतल्या बाईंनी विचारलं, "गाडी खराब हो गई क्या?"

"नहीं," मी म्हटलं. "चढाई है।"

त्यांनी काच वर घेतली.

वर तिकीट आहे, माणसाचं वेगळं, गाडीचं वेगळं. दर बदलत असतात, पाटी बघून घ्या. पाणी खालूनच न्या. आत खडकांच्या मोठमोठ्या कपारी आहेत आणि त्यात हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी काढलेली चित्रं, पांढरी आणि गेरूसारखी लाल. हरणं, गवे, नाचणारे लोक. काही चित्रं नंतरच्या काळातली, त्यात घोडेस्वार आहेत. बाबा बाकी चित्रांपुढून गिऱ्हाइकासारखे गेले, घोड्यांपुढे थांबले. एका स्वारीत घोड्याच्या पुढे एक माणूस पायी चाललेला दिसतो. बाबा वाकून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"हा आपला का?" मी विचारलं.

"नाही. हातात शस्त्र आहे. हा लढायला निघालाय." आणि थोड्या वेळाने, "घोडा मात्र नीट खाल्लेला आहे."

तोपर्यंत नागपूरचं एक कुटुंब आमच्यामागे येऊन उभं राहिलं होतं. बाबांनी हात करून काही दाखवलं की त्यांची मुलं तिकडे बघायची. पुढे एका दगडाला कासवाचा आकार आहे, तिथून खालचं जंगल दिसतं. बाबांनी त्यांना सांगितलं की भीम जेवायला बसायचा तो याच दगडावर. त्यांनी हे कुठूनही ऐकलेलं नव्हतं. नागपूरच्या काकांनी पाकीट काढलं.

"किती झाले?"

"आज सुट्टी आहे," बाबा म्हणाले.

उतरताना मी विचारलं, भीमाचं कुणी सांगितलं? म्हणाले, नाव भीमबेटका आहे, मग बसला असेलच की.

मधले दिवस

सोमवारपासून माझं काम. पिपलानीजवळच्या एका नव्या बिल्डिंगमध्ये खिडक्या चालल्या होत्या. बाबा दिवसभर चालायचे. घरमालकीण काकू मूळच्या ग्वाल्हेरच्या, पूर्वी शाळेत शिकवायच्या. त्यांनी मला जिन्यातच गाठलं.

"अरे बेटा, तुझे बाबा जवाहर चौकपर्यंत पैदल जाऊन आले. ऑटो करून द्यायची ना त्यांना. लोक काय म्हणतील?"

"काकू, त्यांना गाडीत बसलं की त्रास होतो."

"मग इलाज कर ना. हसतोस काय?"

बुधवारी ते जुन्या भोपाळात गेले, तेही पायी. तिथे एका टपरीवर चहा प्याले. भोपाळात काही ठिकाणी चहात मीठ घालतात, ते मी सांगायला विसरलो होतो. बाबांनी सगळा प्यायला, कुणाला काही बोलले नाहीत. रात्री मला म्हणाले, "घोड्याला मीठ चाटायला देतात ते माहीत होतं. इथे माणसाला पण देतात." मग पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यापुढे ठेवलं. घुंगरांची माळ होती, मध्ये लाल गोंडे.

"टायगरला?"

"टायगरला आहे. नव्याला."

मी माळ हातात घेऊन वाजवली. चांगली होती. परत कागदात गुंडाळून ठेवली. त्या रात्री आम्ही क्रिकेट बघितलं. दोघांनाही त्या मॅचमध्ये रस नव्हता.

दुसरा रविवार : रायसेन, सांची

हा गोल रस्ता आहे. भोपाळहून रायसेन, तिथून सांची, सांचीहून सरळ भोपाळ. दिवसभरात सव्वाशेच्या आसपास किलोमीटर होतात, तीनेकशे रुपयांचं पेट्रोल टाकलं तर उरतं. पिपलानी, आनंद नगर मागे टाकलं की रस्ता मोकळा.

रायसेनचा किल्ला गावाच्या डोक्यावर आहे. पायवाटेने आणि पायऱ्यांनी वर जायचं, गाडी खाली ठेवायची, त्यामुळे उतरायचं की नाही हा प्रश्न आला नाही. वर जुने महाल, पाण्याचे मोठे तलाव आणि एक महादेवाचं देऊळ आहे, ते म्हणे वर्षातून एकदाच उघडतात. आम्ही गेलो तो दिवस तो नव्हता. गर्दी नाही. तटावरून चारी दिशांना शेतं. पुण्या-मुंबईच्या लोकांना किल्ला म्हटला की धुकं आणि कडा लागतो, तसलं इथे काही नाही. खूप मोठं आकाश आहे, एवढंच.

"हा पॉइंट चांगला आहे," बाबा म्हणाले. "खालून वर दहा-बारा घोडे सहज चालतील. का नाही ठेवत?"

"लोक येत नाहीत, बाबा."

"घोडे नाहीत म्हणून येत नसतील."

खाली उतरून चहा-समोसा घेतला, दोघांचे पन्नास. मी पैसे देत होतो तेवढ्यात बाबांनी गाडी सावलीत ओढली. बाकी तुम्हाला कळलं असेलच. मी बघितलं नाही, तसाच किक मारून निघालो. सांचीला पार्किंगमध्ये उतरलो तर मागे पट्टा लोंबत होता. पिशवी नव्हती. तिच्यात बाबांचा टॉवेल, चार चपात्या, ठेचा आणि ती माळ.

"पट्टा सैल केला होतात?"

"मग? तू आवळला नव्हतास?"

तर दादा, हे असं आहे. ज्याने सैल केला त्याची चूक की ज्याने आवळला नाही त्याची, ते तुम्ही घोडेवाले ठरवा. मी म्हटलं, तुम्ही इथे बसा, मी मागे जाऊन बघून येतो, वीस-पंचवीस किलोमीटरच आहे. बाबा म्हणाले, "आलोय ते आधी बघू. पॉइंटवर येऊन कुणी परत जातं का?"

तिकीट माणशी चाळीस. मोबाइलवर काढलं तर रांग टळते. मोठा स्तूप टेकडीवर आहे, स्वच्छ, हिरवळ राखलेली. खाली बसून दोन तास जातील अशी जागा आहे. चारी बाजूंना दगडी तोरणं आहेत आणि त्यांच्यावर इतकं कोरीवकाम की मान दुखते. पूर्वेच्या तोरणाच्या मधल्या आडव्या पट्टीवर बाबांना घोडे दिसले. एकामागोमाग एक, त्यांच्यावर छत्र्या धरलेल्या, पाठी रिकाम्या.

"चार-पाच घोडे," बाबा म्हणाले, "आणि एकावर पण भाडं नाही. ऑफ सीझन."

शेजारी एक गाइड शाळेच्या काही शिक्षकांना माहिती देत होता. त्याने ते ऐकलं असावं.

"घोड़ा एक ही है," तो आमच्याकडे वळून म्हणाला. "आगे-आगे जा रहा है, इसलिए बार-बार बनाया है। राजकुमार घर छोड़कर निकले हैं। उस ज़माने में बुद्ध भगवान की मूरत नहीं बनाते थे। पीठ खाली है, मतलब वो बैठे हैं।"

बाबांनी पुन्हा वर बघितलं. "और ये आदमी?"

"सईस है। घोड़ेवाला। यहाँ देखिए, राजकुमार उतर गए, उनके पाँव के निशान बने हैं, सईस हाथ जोड़ रहा है। और ये नीचे घोड़े को लेकर वापस जा रहा है। अकेला।"

"घर जाके क्या बोला उसने?"

"किसने?"

"घोड़ेवाले ने।"

गाइडने पुन्हा तोरणावर नजर फिरवली. "वो इसमें नहीं बना है, चाचा।" आणि तो शिक्षकांना घेऊन पुढच्या तोरणाकडे गेला. बाबा त्याच्या मागे गेले आणि त्याच्या हातात पन्नास रुपये ठेवून आले. आमच्या धंद्यात दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाबरोबर उभं राहून फुकट ऐकणं बरं समजत नाहीत. गाइडला ते कळलं नाही, पण पैसे घेतले.

मग आम्ही झाडाखाली बाकावर बसलो.

"रिकामा घोडा घेऊन परत यायचं म्हणजे," बाबा म्हणाले, "वाटेत जो भेटेल तो विचारतो, भाडं कुठे टाकलंस."

मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

"तू येणार नाहीस ना?"

आठवडाभर हा प्रश्न आमच्याबरोबर गाडीवर बसून फिरत होता. "नाही," मी म्हटलं.

"बरं." त्यांनी पायातली चप्पल काढून झटकली. "का ते सांग. मला नको. घरी सांगायला लागेल."

"तिथे मी पॉइंटवर जातो आणि परत येतो. परत जातो आणि परत येतो."

"इथे पण सकाळी जातोस, संध्याकाळी येतोस."

"इथे दर महिन्याला बिल्डिंग वेगळी असते. खिडकी बसली की तिच्यातून पहिल्यांदा मी बाहेर बघतो. मालक नंतर येतो."

"काय दिसतं?"

"बहुतेक दुसरी बिल्डिंग."

"हं." चप्पल पायात घालत म्हणाले, "हे मी घरी सांगू शकत नाही."

तिथून उठलो ते बाहेर येऊन जेवलो. थाळी एकशे वीस, डाळ चांगली होती, भाजी जेमतेम. पार्किंगमध्ये मी गाडी रायसेनच्या दिशेला वळवली.

"तिकडे कुठे?"

"पिशवी बघून येऊ. कुणी उचलून ठेवली असेल."

"कशाला? घोडा घ्यायचा नाही तर माळ कुणाला घालायची?" बाबा मागे बसले. "भोपाळला चल."

वाटेत कर्कवृत्त लागतं. तिथे पाटी आहे, लोक थांबून फोटो काढतात, पैसे पडत नाहीत. मी बाबांना समजावलं की पृथ्वीवर ही एक रेघ मानलेली आहे. त्यांनी पाटीच्या पलीकडे शेतात जाऊन बघितलं, तिथे रेघ नव्हती. तरी एक पाय अलीकडे आणि एक पलीकडे ठेवून फोटो काढून घेतला. आईला तो फोटो समजला नाही. तिने विचारलं, बाबा शेतात काय करतायत?

परत

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांची गाडी होती. स्टेशनला जायच्या आधी ते म्हणाले, तुझी एक खिडकी दाखव. हे ठिकाण कुठल्याच यादीत मिळणार नाही, वॉचमनला ओळखावं लागतं. तिसऱ्या मजल्यावर नेलं. बाबांनी काच सरकवली, बंद केली, पुन्हा सरकवली. आवाज येत नाही, म्हणाले. मग बाहेर बघत उभे राहिले. समोर दुसरी बिल्डिंग होती. तिच्या गच्चीवर एक बाई वाळवण गोळा करत होती. ती सगळं गोळा करून जिना उतरून जाईपर्यंत बाबा बघत होते.

प्लॅटफॉर्मवर म्हणाले, "फोनवर तू काही बोलू नकोस. मी बघतो."

त्यांनी काय बघितलं ते मला चार दिवसांनी आईकडून कळलं. घरी जाऊन त्यांनी सांगितलं की पोरगा यायला तयार होता, मीच नको म्हटलं. माझ्याच्याने आता दुसरा घोडा निभत नाही. घोडा विकणाऱ्याने इसार परत दिला नाही, इसार कुणी कधीच परत देत नाहीत. दादा बाबांशी बोलत नाही. जेवताना दोघंही मीठ आईमार्फत मागतात. आणि माझ्या वाट्याला फक्त पिशवीचं भांडण आलं.

या मार्गावर जाणाऱ्यांना सांगायचं तर चारही ठिकाणं बघा. एकच दिवस असेल तर सांची बघा, आणि पूर्वेचं तोरण सकाळी, तेव्हा ऊन त्याच्यावर सरळ पडतं. मला स्वतःला विचाराल तर त्या सगळ्यातलं बाबांचं ते 'बरं' लक्षात राहिलं. ते इतकं साधं म्हणाले की मला आधी ऐकूच आलं नव्हतं.

दादा, तू हे वाचशील, वाचून फोन करशील. बाबांना दुसरा घोडाच काय, तिसराही निभेल. भीमबेटकाचा चढ ते चालत चढले, माझी गाडी तापली, ते नाही. ते खोटं बोलले. नको मी म्हटलं, सांचीला, दुपारी, बाकावर बसून. रुसायचं तर माझ्यावर रूस आणि मीठ त्यांच्या हातून घे. इसार बुडाला तो माझ्यामुळे, तो मी भरतो. तुझ्या खात्यावर आज टाकले, अकरा हजार.